हाय-रेझ फाइल म्हणजे ऑर्केस्ट्रा जास्त खरा?

"24 बिट, 192 किलोहर्ट्झची फाइल घ्या, सीडीत सिंफनीचे बारकावे कापले जातात" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय; अशा फाइललाच हाय-रेझ (हाय-रेझोल्यूशन) म्हणतात. आकडा मोठा म्हणून खरं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाहीये.

सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने (म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ) असतात, त्यातून साधारण 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण परत मिळतो, आणि माणसाचा कान तरुणपणीही 20 च्या आसपास थांबतो. सीडीच्या 16 बिटमध्ये हळू ते मोठ्या आवाजाची सुमारे 96 डेसिबलची रेंज मिळते, म्हणजे पियानिसिमोपासून (अगदी हळू वाजणारा भाग) टिंपनीच्या (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) कडकडाटापर्यंत सगळं मावतं. 24 बिटचा खरा फायदा रेकॉर्डिंग करताना होतो, लेव्हल ठरवायला मोकळीक मिळते.

मग फरक ऐकू येतो तो कशाचा? बरेचदा मास्टरिंग (रेकॉर्डिंगवर शेवटी केलेलं आवाजाचं संस्करण) वेगळं असतं, किंवा एक फाइल जराशी मोठ्याने वाजते आणि आपल्याला तीच जास्त स्वच्छ वाटते.

घरीच तपासा: हाय-रेझ फाइलचीच 16 बिट, 44.1 ची कॉपी करा, व्हॉल्यूम सारखा ठेवा आणि कुठली वाजतेय हे न बघता ओळखा, 16 पैकी निदान 12 वेळा बरोबर आलं तरच फरक धरायचा. मला विचाराल तर माइक कुठे ठेवलेत, हॉल कसा घुमतो आणि कंडक्टर लय कशी सांभाळतो तिकडे कान द्या, रेकॉर्डिंगचा जीव तिथे असतो.