"कसा हाय बे पिक्चर?"

सिनेमाच्या धंद्यात नागपूर अजून मध्य प्रांतातच आहे. शुक्रवारी पिक्चर लागतो, सोमवारपर्यंत गल्ल्याचे आकडे येतात आणि मुंबई, दिल्ली-यूपी, निझाम या इलाख्यांच्या ओळींच्या सोबतीला एक ओळ असते : सीपी बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. मध्य प्रांत १८६१ साली झाला. वऱ्हाड त्याला १९०३ मध्ये जोडलं गेलं. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच राहिली. मग १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सरकारं नकाशे बदलत राहिली, वितरकांनी वही तीच ठेवली. त्यांच्या लेखी विदर्भ, जबलपूरकडचा महाकोशल आणि छत्तीसगड हा आजही एक इलाका आहे. त्यातल्या कितीतरी वितरकांची कार्यालयं अमरावतीत होती, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते.

हे आधी सांगितलं, कारण नागपूरकर पिक्चरबद्दल बोलतो कसा याचं निम्मं उत्तर त्या जुन्या प्रांतात आहे. टॉकीजच्या दारात तो म्हणतो, "एक बार देख सकते." घरी येऊन चपला काढता काढता बायकोला म्हणतो, "पाह्यला तर चालते एकदा." मत एकच, भाषा दोन, आणि मधे कुठे गाडी बदलल्याचं त्याच्या ध्यानातही येत नाही. मध्य प्रांतात हिंदी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदल्या, त्याचं हे उरलेलं रूप. मुंबईच्या माणसाला मराठी पिक्चर आणि हिंदी पिक्चर असे दोन कप्पे करावे लागतात. आमच्याकडे पिक्चर म्हणजे पिक्चर.

उरलेलं निम्मं उत्तर रिळांमध्ये आहे. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ पडद्यावर साधारण अकरा मिनिटं चालतं. म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरला चौदा-पंधरा रिळं, पत्र्याच्या गोल डब्यांत भरलेली, आणि हा सगळा पसारा म्हणजे एक प्रिंट. प्रिंट काढायला पैसे पडत, म्हणून त्या मोजक्याच निघत. आधी मोठ्या शहरांत चालत, मग पुढच्या स्टेशनावर. धंद्यात गावाला स्टेशनच म्हणत. नागपूर काही अगदी शेवटचं स्टेशन नव्हतं, तरी मुंबईत पाटी झळकली आणि त्याच दिवशी आपल्याकडेही, असं दर वेळी होत नसे. वर्धा, भंडारा, गडचिरोलीच्या वाट्याला आणखी उशीर.

या उशिरातून मताचं एक वेगळंच रूप तयार झालं. मे महिन्यात मुंबईहून आलेला आत्याचा पोरगा हा आमच्या वाड्याचा त्या सुट्टीपुरता राजा असे. तो पिक्चर पाहून आलेला असायचा. रात्री अंगणात पाणी मारून खाटा टाकल्या, की त्याला मधल्या खाटेवर बसवून पहिल्या सीनपासून पूर्ण पिक्चर सांगायला लावत. मारामारीचे आवाज तोंडानं, गाण्याच्या पहिल्या दोन ओळी, मग "इथं इंटरव्हल" म्हणून पाणी प्यायला उठणं, सगळं रीतसर. खुनी कोण, तेही सांगून टाकायचा, आणि कोणी कान झाकत नसे. तीन महिन्यांनी तोच पिक्चर आमच्याकडे लागला, की सगळे पुन्हा पैसे देऊन जात आणि बाहेर पडताना भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून : त्यानं सांगितला होता तसा नाही निघाला. कितीदा तर त्याचाच जास्त चांगला होता.

गोष्ट आधीच कळली म्हणून मजा गेली, अशी तक्रार मी लहानपणी ऐकल्याचं आठवत नाही. गोष्ट सांगणं ही भेट होती. तिकिटावर पैसे घालायचे की नाही हे ठरवायला घराला दुसरा आधारही फार नव्हता. वर्तमानपत्रातलं परीक्षण यायचं, पण ते लिहिणाऱ्याला काय आवडतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आत्याच्या पोराला काय आवडतं, ते पक्कं माहीत होतं.

परीक्षणाचं आणि धंद्याचं गणित चुकतं, आणि तोंडी मत त्याला उलटवतं, याचा सगळ्यात मोठा दाखला १९७५ च्या १५ ऑगस्टला लागलेल्या 'शोले'चा. सुरुवातीचे अभिप्राय थंड होते. धंद्यातल्या लोकांनी तर तो पडला असंच धरलं होतं. पाहून आलेल्यांनी पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. 'माऊथ पब्लिसिटी' हा शब्द आमच्याकडे पानवाल्यालाही येतो.

आता टॉकीजकडे. व्हरायटी चौक, पंचशील चौक, अलंकार, सदरमधली लिबर्टी : नागपुरात पत्ता सांगायचा तर टॉकीजच्याच नावानं. पडदा बंद झाला तरी चौकाचं नाव हटत नाही, ऑटोवाल्याला तेवढंच पुरतं. तिकिटाची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक, मनगट जेमतेम जाईल एवढं. नोट मुठीत दाबून हात आत घालायचा, आत कोणीतरी मूठ उघडायचा, नोट घ्यायचा, पातळ गुलाबी किंवा पिवळ्या कागदाची तिकिटं कोंबायचा आणि मूठ पुन्हा मिटायचा. हात बाहेर ओढताना कोपराचं कातडं निघायचं. विकणाऱ्याचं तोंड कधी दिसलं नाही.

खिडकीसमोरची रांग आणि आधीचा शो सुटून बाहेर येणारी गर्दी एकमेकांना छेदत. नागपूरचं चित्रपट परीक्षण घडलं ते या छेदण्याच्या जागी. "कसा हाय बे पिक्चर?" उत्तराला तीन सेकंद मिळत. म्हणून शब्द ठरून गेले : पैसा वसूल, टाइमपास, बकवास, सेकंड हाफ ढिला, डोकं घरी ठेवून जा. शिवाय एक खास उन्हाळी शेरा, "थंडा हाय." हा पिक्चरबद्दल नसून हॉलबद्दल. बाहेर पंचेचाळीस अंश, घरच्या कूलरची वाळ्याची ताटी दुपारी चारला सुकलेली, अशा वेळी थंड हॉलमधला वाईट पिक्चर हा चांगलाच पिक्चर असतो. मॅटिनीला झोपायला जाणारे आमच्या ओळखीचे तीन-चार जण तरी होते, आणि "गाणे चांगले हायेत, झोप लागते" हे त्यांचं मत मी आजही अप्रामाणिक मानत नाही.

गणपतीतल्या पडद्यांचं थोडक्यात सांगतो. रस्त्यावर दोन बांबूंना पांढरं कापड, समोर प्रोजेक्टर, आणि गर्दी कापडाच्या दोन्ही बाजूंना. मागच्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसे. त्यामुळे आमच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या मते एक नामांकित हिरो डावखुरा होता आणि उरलेल्या निम्म्यांच्या मते नव्हता. हा वाद दसऱ्यापर्यंत टिकला.

दूरदर्शनने हा सगळा क्रम उलटा केला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून उपग्रहामार्फत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगही आले, आणि पुढे सेमिनरी हिल्सवरचा टॉवर ही पोरांना दाखवायची जागा झाली. आता कोणी आधी पाहून आलेला नव्हता. सगळ्या देशानं एकाच वेळी पाहायचं आणि बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे, पात्रांच्या वागण्यावर दोन शब्द बोलायचे आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत मालिकेचं नाव घेऊन निरोप घ्यायचे. म्हणजे मत मालिकेच्या आतच शिवलेलं होतं. आमच्या शेजारच्या काकू त्यांच्याशी मोठ्यानं वाद घालत. "त्यांचं काय जाते बोलायला, पोरगी त्यांची थोडीच हाय." पिक्चरवर शेरा मारणारे बहुतेक पुरुष आणि पोरं असत. मालिकेवर बोलण्याचा हक्क ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायकांनी घेतला, आणि तो पुन्हा सोडला नाही. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागलं, तेव्हा मात्र मताला जागा नव्हती. टीव्हीला हार घातल्यावर अभिनयावर काय बोलणार?

व्हिडिओ आणि केबलच्या वर्षांतलं एकच सांगण्याजोगं आहे, ते म्हणजे ट्रॅव्हल्स. नागपूर-पुणे रात्रभराचा प्रवास, सातशेच्या वर किलोमीटर, आणि ड्रायव्हर लावेल तो पिक्चर. उठून जायची सोय नाही. इथून मताची नवी जात निघाली : "मी ट्रॅव्हल्समध्ये पाह्यला." याचा अर्थ शेवट पाहिला नाही, कारण जेवणाला गाडी ढाब्यावर थांबली आणि नंतर लाइट बंद केले. अर्धवट पाहिलेल्या पिक्चरवर पूर्ण ठाम बोलायची सवय आम्हाला या बसनं लावली, असा माझा संशय आहे.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी आली, तिची पुढे झी मराठी झाली. घरात दिवसभर मराठी ऐकू येऊ लागली, आणि तेव्हा प्रथमच नागपूरकराचं मत कथेवरून भाषेवर गेलं. मालिकेतली घरं पुण्या-मुंबईची, बोलणंही तिथलं. "काय करून राहिला" म्हणणारा माणूस पडद्यावर आला, की तो हसवायलाच आला हे पाच मिनिटांत कळे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घरोघरी पोहोचली. तिच्यावर इथली घरं दुभंगली. आमच्या घरात आई खूश, कारण आपलं बोलणं टीव्हीवर आलं. धाकट्या भावाचं म्हणणं, आलं ते हसण्यापुरतंच. मी भावाच्या बाजूनं होतो, तरी हसू मलाही आवरायचं नाही.

४ मार्च २०२२ ला 'झुंड' लागला, तेव्हा या भांडणाला वेगळं वळण मिळालं. नागराज मंजुळे यांचा हा पिक्चर नागपुरात चित्रित झाला. त्याला आधार हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामाचा, वस्तीतल्या पोरांना फुटबॉलला लावण्याचा. वर अमिताभ बच्चन. पण बाहेर पडताना लोक अमिताभबद्दल कमी बोलत होते. "अबे, तो पोट्टा आपल्यासारखाच बोलते!" हे मी एकाच शोनंतर निदान चार जणांकडून ऐकलं. पिक्चर लांबलाय, असं मला वाटलं. तसं म्हटलं तर शेजारचा म्हणाला, "लांबू दे ना भाऊ, आपलाच हाय."

मधल्या काळात रिळं गेली. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून डिजिटल सिनेमा टॉकीजपर्यंत पोहोचू लागला आणि मुंबई-नागपूरमधला उशीर संपला. आत्याच्या पोराचं राज्यही त्यासोबत गेलं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागी एम्प्रेस मॉल उभा राहिला, वर मल्टिप्लेक्स आलं. मल्टिप्लेक्समध्ये आत जायची वाट वेगळी, बाहेर पडायची वेगळी. बाहेर पडणारा सरळ पार्किंगमध्ये उतरतो. त्याला विचारणार कोण?

आणि २०१६. त्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओचा फुकट डेटा, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. आता ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत, कानात बोंडं घालून, आपल्या वेळेला पाहायचं. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेवढे दिवस सगळे पुन्हा एका वेळेला बसले. ते उठले ते आपापल्या मोबाइलकडे.

आमच्या चौकातल्या पानठेल्यावर अजून सात वाजता माणसं जमतात. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना पडतो, ठेलेवाला ती लाकडावर घोटत राहतो, आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत बोलणं उरकायचं असतं. परवा एकानं नव्या वेब सिरीजचं नाव काढलं आणि म्हणाला, "काय एंड हाय राज्या, तो भाऊच..."

"सांगू नको बे, मी चौथ्यावर हाव."

"मी दुसऱ्यावर."

"मी लावलीच नाही अजून."

तो थांबला. ठेलेवाल्यानं घोटणं न थांबवता विचारलं, "बरं, पाहावं का नाही, तेवढं तं सांग."

"पाहून घे एकदा."