एक भूकंप, गावागणिक वेगळा हादरा

खानदेशात भूकंपाचा विषय निघाला की कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) आठवतात. १४ मार्च १९३८ रोजी आपल्या डोक्यावरच्या सातपुड्यातच सहाहून अधिक महत्तेचा (महत्ता म्हणजे भूकंपाच्या एकूण ताकदीचे माप) भूकंप झाला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. तापीच्या उत्तरेने, डोंगराच्या कडेकडेने भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात अशा भेगा, गेलेले आहेत. त्यामुळे हादऱ्याचे नकाशे कसे तयार होतात, हे आपण समजून घ्यायलाच हवे.

आधी एक घोळ निस्तरू. बातमीत 'तीव्रता ६.३ रिश्टर' असे छापतात, पण तो आकडा महत्तेचा असतो आणि एका भूकंपाला एकच असतो. तीव्रता म्हणजे त्या त्या ठिकाणी जमीन किती हलली, काय पडले. ती गावागणिक बदलते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात जमिनीखाली जाड गाळ आहे, तर साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी थोडी माती काढली की काळा पाषाण लागतो. मऊ गाळात लाटा मंदावतात आणि हेलकावा वाढतो. वर जुने धाब्याचे घर असेल तर छतावरच्या मातीचे सगळे ओझे भिंतींवर येते.

१८५७ मध्ये इटलीत, तेव्हाच्या नेपल्सच्या राज्यात भूकंप झाला, तेव्हा आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट पडझड पाहत गावोगाव फिरला आणि सारखे नुकसान झालेल्या जागा त्याने नकाशावर रेषांनी जोडल्या. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅमने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. १९०२ मध्ये मर्काली यांची तीव्रता-श्रेणी आली. रेषा मात्र हातानेच काढल्या जात. दोन गावांच्या मधून ती कुठून न्यायची, हे अभ्यासकाच्या अनुभवावर ठरे. आणि ती किती चुकू शकते, हे नकाशा सांगत नसे.

त्याचे उत्तर सापडले सोन्याच्या खाणीत. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग याने १९५१ च्या सुमारास थोड्या नमुन्यांवरून मधल्या जागेतील सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी तिला गणिती पाया दिला. जवळची ठिकाणे एकमेकांसारखी असतात. अंतर वाढेल तसे हे साम्य किती घटते, हे आधी मोजायचे आणि मग मधल्या जागेचा अंदाज काढायचा. त्या अंदाजातली संभाव्य चूकही याच हिशेबातून मिळते. माझ्या मते खरी मोलाची भर हीच.

१९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर कॅलिफोर्नियात 'शेकमॅप' हा हादऱ्याचा नकाशा आकाराला आला. भूकंपमापक यंत्राजवळ यंत्राची नोंद प्रमाण, दूर गेल्यावर अंतर आणि जमीन पाहून सूत्राने काढलेला अंदाज. पुढे लोकांनी कळवलेले अनुभवही त्यात येऊ लागले. पण मधली जागा भरताना क्रिगच्या रीतीने नुसते अंतर पाहिले तर गाळावरचे गाव आणि शेजारचे खडकावरचे गाव सारखेच धरले जाईल. म्हणून जमिनीचा परिणाम आधी वेगळा काढतात आणि उरलेला फरक तेवढा नकाशावर पसरवतात.

यंत्रे विरळ असलेल्या आपल्या भागात माणसांच्या नोंदींचे वजन साहजिकच वाढते. तलाठ्याचा पंचनामा ही अशीच नोंद: घर कसले, भेग कुठे, भिंत पडली की नुसती फुगली. मॅलेट हेच टिपत होता. फक्त पंचनामा नुकसान झालेल्या घराचाच होतो. नकाशासाठी मात्र जिथे मांडणीवरचे भांडेही हलले नाही, त्या गावाची नोंदही तितकीच लागते.