‘ओपन’ गोल्फ स्पर्धेतील हौशी खेळाडूंची पदके : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

१८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे अवघ्या आठ खेळाडूंनिशी सुरू झालेली ‘ओपन’ गोल्फ स्पर्धा विजेत्याला मिळणाऱ्या ‘क्लॅरेट जग’ या चांदीच्या सुरईसाठी ओळखली जाते. हौशी खेळाडूंसाठी तेथे स्वतंत्र पदके असतात, ही बाब मात्र त्या सुरईच्या झगमगाटात झाकली जाते.

सर्वांत कमी फटक्यांत ७२ होल (म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे १८ टप्पे असलेल्या चार फेऱ्या) पूर्ण करणाऱ्या हौशी खेळाडूला १९४९ पासून रौप्यपदक दिले जाते, आणि अखेरच्या दिवशी मैदानावर उतरणाऱ्या इतर हौशी खेळाडूंना १९७२ पासून कांस्यपदक मिळते. यांपैकी कोणत्याही पदकासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. परंतु पहिल्या ३६ होलनंतर साधारण पहिले ७० व त्यांच्याशी बरोबरीत असलेले खेळाडूच पुढे जात असल्याने, हौशी खेळाडूला पदकाआधी जगातल्या व्यावसायिकांच्या पंक्तीत टिकून राहावे लागते. १९९६ मध्ये टायगर वूड्स आणि २००७ मध्ये रोरी मॅकिलरॉय यांनी हेच रौप्यपदक मिळवले होते, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

अर्ज करायचा असतो तो स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी. आयोजक संस्था ‘आर अँड ए’ हा अर्ज ऑनलाइन स्वीकारते. हौशी पुरुष खेळाडूचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितका खेळ सरस) ०.४ किंवा त्याहून कमी असावा, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. प्रथम १८ होलची प्रादेशिक फेरी होते आणि तीतून पुढे गेलेल्यांना एकाच दिवशी ३६ होलची अंतिम पात्रता फेरी खेळावी लागते. ब्रिटिश अॅमॅच्युअर किंवा आशिया-पॅसिफिक अॅमॅच्युअर यांसारख्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश मिळतो. भारतीय खेळाडूसाठी यांतील आशिया-पॅसिफिकचा रस्ता अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

थेट प्रवेश मिळालेल्याने ‘ओपन’ होईपर्यंत हौशी दर्जा सोडता कामा नये, आणि अनेक गुणी मुलांची खरी परीक्षा येथेच होते. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला जाहिरात व प्रायोजकत्व घेता येते. बक्षीस मात्र ७०० पौंडांच्या मर्यादेत असावे लागते. त्यामुळे ‘ओपन’मध्ये कितीही वरचा क्रमांक आला तरी व्यावसायिकांना मिळणारी बक्षिसाची रक्कम त्याला स्वीकारता येत नाही. मोबदला घेऊन गोल्फ शिकवणे किंवा व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरणे, यांनीही सर्वसाधारणपणे हा दर्जा जातो. पालकांनी प्रत्येक बक्षीस स्वीकारण्यापूर्वी हा नियम वाचून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

व्यावसायिकांसाठी ‘टूटिंग बेक कप’सारखे जुने मानही आहेत. एका फेरीतील सर्वांत कमी फटक्यांसाठी दिला जाणारा हा चषक मात्र ब्रिटन-आयर्लंडच्या पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संस्थेच्या आणि जन्माने वा पालकांच्या बाजूने तिथल्या असलेल्या सदस्यांपुरताच राखीव असल्याने भारतीय खेळाडूला त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

कागदपत्रांत सर्वप्रथम आपल्या क्लबमार्फत नोंदवलेल्या हँडिकॅपची अद्ययावत नोंद हवी. पुण्यातला खेळाडू असो वा नागपूरचा, ही नोंद खरी आणि ताजी असली पाहिजे. अर्जातील नाव व जन्मतारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळावी. भारतीय नागरिकाला ब्रिटनचा व्हिसाही लागतो, आणि निकाल हाती आल्यानंतर त्याच्या मागे लागल्यास वेळ पुरत नाही. म्हणून पात्रता फेरीचा अर्ज स्वीकारला गेल्याचा ईमेल जपून ठेवून, तो सोबत जोडूनच व्हिसासाठी अर्ज करावा.