कवळीचं जोतं

"वरची बसता, खालची रवणा नाय." वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलंय. बोल लागतो कवळी करणाऱ्याला. भिंतीला तडा गेला की आपल्याकडचा गवंडी आधी जांभ्याचं जोतं बघतो. कवळीचं जोतं म्हणजे जबड्याचं हाड. ते नीट करून घेण्याची शस्त्रक्रिया असते, हेच अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात झपाट्याने, पुढे हळूहळू, पण जन्मभर. दंतसंशोधक आन्त्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ साली दाखवून दिलं, की पुढच्या भागात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. वरच्या कवळीला टाळूची रुंद जागा तरी मिळते. खाली मिळतो तो घोड्याच्या नालासारखा अरुंद पट्टा, त्यात जीभ आणि गालाचे स्नायू तिला सतत उचलत राहतात. हाड फारच खाली गेलं तर एरवी कडेला असणारी हनुवटीची नस वर येते आणि भाकरीचा तुकडा चावताना कवळी तिच्यावर दाबली जाऊन कळ मस्तकात जाते. आजी पेजेवर का आली, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

एकेकाळी हस्तिदंताच्या कवळ्या स्प्रिंग लावून तोंडात तोलून धरत. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली, तेव्हा दात काढणं सोसण्याजोगं झालं. त्याच सुमारास कडक रबर आलं आणि हिरडीच्या मापाची, परवडणारी कवळी बनू लागली. मग हिरडीखालचा प्रत्येक उंचवटा टोचू लागला. दात काढल्यावर हाडाच्या कडा गुळगुळीत करण्याचं विलर्ड यांचं वर्णन १८५३ चं आहे.

सुरुवातीला हाड कापून टाकण्याकडे कल होता. १९३६ साली डीन यांनी वेगळा मार्ग काढला: दोन दातांमधलं आतलं हाड काढायचं आणि बाहेरची भिंत न तासता आत दाबायची. मला हा या इतिहासातला खरा टप्पा वाटतो, कारण एकदा गेलेलं हाड सहजी परत येत नाही. त्याआधी १९२४ मध्ये कझांजियन यांनी ओठाच्या आतली खाच खोल करून उरलेल्या हाडाची उंची वापरात आणली होती. पुढे ओब्वेगेसर यांनी ते तंत्र पुष्कळ सुधारलं. टाळूवरचा किंवा जिभेच्या बाजूचा हाडाचा उंचवटा काढणं, ओठाचा ताणलेला पडदा सोडवणं, सैल कवळीच्या काठाने वाढलेली मांसाची घडी कापणं ही कामंही यातच येतात. अशी घडी काढली की ती तपासणीला पाठवायलाच हवी.

कोकणात मशेरीचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू बायका दिवसातून अनेकदा हिरडीला लावतात. हिरडी मागे सरते, दात हलू लागतात. दुसरी गोष्ट सुपारी. श्रीवर्धनच्या रोठ्याचा आपल्याला अभिमान आहे, पण वर्षानुवर्षं सुपारी चघळल्याने गालाच्या आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं. श्वार्ट्झ यांनी हा आजार १९५२ साली पहिल्यांदा नोंदवला. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये तो त्यांना दिसला होता. पुढे तो कर्करोगाकडेही वळू शकतो. अशा तोंडात मापाचा साचाच जात नाही, मग कवळी दूरच.

उपचारांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासूनचं आणि गिरणगावात कोकणातलं कुणी ना कुणी असायचंच. सिंधुदुर्गाला गोव्यातलं बांबोळी जवळ. तिथलं दंत महाविद्यालय १९८० चं. आता रत्नागिरी जिल्ह्यात खेडलाही दंत महाविद्यालय आहे.

स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून हाड झिजलेल्या माणसालाही आधार मिळू लागला. २००२ साली मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन स्क्रूंवर टेकणारी कवळी हीच पहिली निवड ठरवली. खर्चामुळे आपल्याकडे अनेकांना ती परवडत नाही. पण दात काढतानाच, त्याच भुलेत, टोकदार हाड घासून घेतलं आणि टाके घातले तर पुन्हा वेगळी शस्त्रक्रिया बहुधा टळते. वाडीवरून सकाळची एसटी धरून येणाऱ्या माणसाची दुसरी खेपही वाचते. म्हणून दात काढायला बसण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, की पुढे मला कवळी लावायची आहे. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधं चालू असतील, तर तेही तेव्हाच सांगावं.