पाऊस गगनबावड्यात, पाणी शिरोळात

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्हा एका आकड्यावर जगतो: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? पंचगंगेवर कसबा बावड्याजवळ असलेल्या या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २००५ चा महापूर बरीच वर्षं मोजमाप धरला जात होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेपंचावन्न फुटांच्या आसपास गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ओलांडून वर चढलं. जुन्या पुराच्या खुणांवर भरवसा ठेवून सामान माळ्यावर चढवलेली घरंही बुडाली.

पुराचं मूळ पश्चिमेला आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती घाटमाथ्याचं पाणी घेऊन उतरतात आणि प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पूर्वेच्या शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून शिरोळला ऊन पडलेलं असतानाही शेतात पाणी शिरतं. डोंगर सोडल्यावर नदीचा उतार मोडतो, ती वळणं घेत संथ वाहते. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा मागे सरकतो. पूर चढतो तासांत आणि उतरतो दिवसांनी, तो यामुळेच.

राधानगरी धरणाबद्दल एक गैरसमज दरवर्षी ऐकू येतो. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे कुणी बटण दाबून उघडत नाही. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट), म्हणजे सातही उघडले तर सुमारे १० हजार. पूर येण्याआधी जागा करायची तर पाणी वीजगृहातून किंवा खालच्या दारांतूनच सोडावं लागतं आणि तिथली क्षमता मर्यादित आहे. शिवाय धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस कुठलंच धरण अडवत नाही.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद याहून मोठा. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला पुराचं मुख्य कारण मानलं नाही. पण तिथली पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा विषय निघाला की नदीकाठ अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता रास्त आहे. तरीही आपल्या हद्दीतले अडथळे आधी बघायला हवेत: पूररेषेतली बांधकामं आणि शिरोलीजवळ पूरक्षेत्रात आडवा पडलेला महामार्गाचा भराव. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग इथेच अनेक दिवस बंद होता. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन वर्षांच्या अंतराने असे दोन पूर पाहिल्यावर निळ्या रेषेच्या आत बांधकामाला सूट मागणं हा जिवाशी खेळ आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढतात. राहिले तर त्यांत लाकूडफाटा अडकून पाणी तुंबतं. बऱ्याच बंधाऱ्यांवरूनच रस्ता जातो, त्यामुळे घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी गावाची वाट तुटते. चिखली, आंबेवाडीची जनावरं पातळी इशाऱ्यावर असतानाच हलवावी लागतात ती याचसाठी.

पिकाच्या नुकसानीत उंचीपेक्षा पाणी किती दिवस थांबलं याला महत्त्व. सोयाबीन, भुईमूग दोन-तीन दिवसांत कुजतात. ऊस तग धरतो, पण पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गाळ बसला की शेंडा मरतो, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साखरेचा उतारा पडतो. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक हवं. गाळ काढण्याच्या मदतीसाठी थर तीन इंचांहून जाड हवा. उभा ऊस लांबून हिरवा दिसतो, म्हणून पंचनाम्याच्या वेळी दोन-चार उसांचे शेंडे चिरून आतली कूज दाखवावी आणि तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.