चिमूटभर पोटॅशियम आणि फुगलेले गुरू : पार्श्वभूमी

१९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ५१ पेगासी बी हा ग्रह सापडला. ग्रह गुरूच्या जातीचा, पण ताऱ्याभोवतीची फेरी ४.२ दिवसांत. खरी अडचण पुढे आली ती १९९९ मध्ये, एचडी २०९४५८ बी हा असाच दुसरा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना दिसला तेव्हा. त्याचं वस्तुमान गुरूच्या ०.७ पट, त्रिज्या मात्र जवळजवळ १.४ पट. एवढा जुना ग्रह एव्हाना निवून आक्रसायला हवा होता. ताऱ्याची ऊर्जा वरच्या थरांत शोषली जाते आणि तिथूनच बाहेर पडते. फुगवायचं तर उष्णता खोल मुरायला हवी. २००२ मध्ये गियो आणि शोमन यांचा हिशेब आला: मिळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे १ टक्का आत पोचला तरी भागतं.

तो पोचवायचा कसा, यावर २०१० मध्ये बातिगिन आणि स्टीव्हन्सन यांनी ओहमी तापनाची वाट सुचवली. सेकंदाला किलोमीटरभर वेगाचा वारा चुंबकीय क्षेत्राला छेदतो, विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्याचं मंडल खोल थरांतून पूर्ण होतं आणि तिथल्या रोधात उष्णता सुटते.

पण हायड्रोजनच्या हवेतून वीज वाहील कशी? हायड्रोजनचं आयनीभवन व्हायला, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटायला, १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते; हवेत चिमूटभरच असलेल्या पोटॅशियमला ४.३४, सोडियमला ५.१४. तापमान आणि दाबावरून किती अणूंचं आयनीभवन झालं ते सांगणारं मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण इथे कामी येतं. मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्यासारखं, १ बार (साधारण पृथ्वीवरच्या हवेएवढा) दाब आणि १,५०० केल्विन धरले तर साधारण हजार कोटी कणांमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन मिळतो. सोडियम पोटॅशियमच्या पंधरापट असूनही बहुतेक इलेक्ट्रॉन पोटॅशियमचेच. तापमान २,००० केल्विनवर नेलं की इलेक्ट्रॉन सुमारे ७० पट होतात. म्हणूनच दिवसाकडचे २,००० आणि रात्रीकडचे १,००० यांची सरासरी काढून १,५०० वर गणित करणं महागात पडतं: उत्तर खऱ्या सरासरीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढंच येतं.

दुसरी चूक विडेमान-फ्रान्झ नियमाची. विद्युतवाहकता आणि उष्णतावाहकता एकमेकींच्या प्रमाणात असतात असं सांगणारा १८५३ चा हा नियम धातूंसाठी आहे. तिथे वीज आणि उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात. या हवेत उष्णता वाहतात ते उदासीन रेणू. विद्युतवाहकतेवरून उष्णतावाहकता काढली तर ती कोट्यवधी पटींनी कमी भरते. आणखी तापलं की हायड्रोजनचे रेणूच फुटतात, दर रेणूमागे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गिळतात आणि थंड बाजूला पुन्हा जुळताना ते सोडतात. उष्णता वाहण्याचा हा वेगळाच मार्ग.

खोलात मात्र साहांचं समीकरण साथ सोडतं, कारण दाट द्रवात अणू सुटे राहत नाहीत. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या आघात-प्रयोगांत १४ लाख बार आणि ३,००० केल्विनच्या आसपास द्रव हायड्रोजन धातूसारखा वाहक झालेला आढळला. अशा थरांसाठी आता घनता-फलन सिद्धांतावर (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुण काढणाऱ्या) आधारलेली रेणुगतिकी, म्हणजे अणूंच्या हालचालींचं संगणकावरचं गणित, वापरतात.

वाहकता वाढेल तितकं तापन वाढेल, असंही नाही. एका मर्यादेपलीकडे चुंबकीय ओढ वाऱ्यालाच लगाम घालते आणि प्रवाह निर्माण करणारा वेगच उरत नाही.