साधे शेवाळ आणि नील-हरित शैवाल: रंगावर विसंबू नका

दगडांवर वाढणारे, पाय घसरवणारे हिरवे शेवाळ सर्वांच्या ओळखीचे आहे, आणि ते कुत्र्याच्या अंगाला लागले तर धुऊन टाकणे पुरेसे असते. जिवावर उठतात ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजेच नील-हरित शैवाल, जे खरे तर जिवाणू आहेत आणि उष्ण, संथ, खतांचा अंश मिसळलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतात.

‘पाणी जितके हिरवे तितके विषारी’ हे विधान पुन्हा पुन्हा वाचून मला आता चीड येते. सायनोबॅक्टेरियाचा थर निळसर, तपकिरी, लालसरही असतो. पाहायची असते ती त्याची ठेवण. लांब काठी बुडवून वर काढली असता साधे तंतुमय शेवाळ केसांच्या बटांसारखे लोंबते, तर सायनोबॅक्टेरियाचा तवंग काठीला रंग फासल्यासारखा माखतो. ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे आणि कुत्री मेल्याची नोंद रसायनतज्ज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये केली, तेव्हा त्यांनीही त्या थराला हिरव्या तैलरंगाचीच उपमा दिली होती. हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत पाणी भरावे आणि ती रात्रभर न हलवता ठेवावी: साधे शेवाळ बहुधा तळाशी बसते, तर पेशींतील वायूच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे सायनोबॅक्टेरिया वर येऊन वलय धरतात.

मात्र या चाचण्यांनी संशय पक्का होतो, पाणी निर्दोष ठरत नाही. काही सायनोबॅक्टेरिया तरंगतच नाहीत. नितळ वाहत्या पाण्यातही ते तळाच्या दगडांवर काळपट, मऊ थर धरतात, त्याचे तुकडे सुटून काठाला लागतात, आणि त्यांच्या वासाने ओढली जाणारी कुत्री ते सुकलेले तुकडे खातात. शिवाय थर विषारी आहे की नाही, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणून माझ्या मते शंका आली की कुत्र्याला साखळीतच ठेवावे. ‘थोडेसेच प्यायला’ ही सबब मला अजिबात मान्य नाही.

पाणी उकळल्याने मायक्रोसिस्टिन हे सायनोबॅक्टेरियाचे विष नष्ट होत नाही. ते यकृतावर घाला घालते आणि लक्षणे दिसायला काही तास किंवा दिवसही लागतात, तर ॲनाटॉक्सिन हे त्यांचे दुसरे विष मज्जासंस्थेवर काही मिनिटांतच परिणाम करू शकते. या विषांवर उतारा नाही. कुत्रा अशा पाण्यात उतरलाच, तर त्याला अंग चाटू न देता स्वच्छ पाण्याने धुवावे, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे, आणि तो पाण्यात केव्हा उतरला ती वेळ त्यांना सांगावी.